टनावारी दारूगोळा सरकारी कारखान्यातून गायब होतो, तो कसा?

प्रश्न : माझ्या वडिलांची सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात झाली. सुटीच्या वेळी गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागे, असे ते सांगतात. मग काही देशांतल्या सरकारी कारखान्यांतून हजारो टन शस्त्रे गुपचूप परदेशी गेली, असे वाचनात येते, ते कसे काय घडते? एवढा माल कुणाच्याच नजरेस पडत नाही?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : गेटवरची झडती डब्यातून नेता येईल एवढ्याच चोरीसाठी असते. हजारो टन माल जातो तो गेटमधूनच, दिवसाढवळ्या, सही-शिक्क्याच्या कागदावर. नजरेस तो पुष्कळांच्या पडतो, पण हातातला कागद बरोबर दिसतो म्हणून कुणी अडवत नाही. याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण अर्जेंटिनाचे आहे.

तिथे ‘फाब्रिकासिओनेस मिलितारेस’ ही सैन्यासाठी शस्त्रे आणि दारूगोळा बनवणारी सरकारी संस्था 1941 पासून आहे. 1991 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी शस्त्रनिर्यातीला मंजुरी देणारे दोन गुप्त आदेश काढले. माल जाणार होता पनामाला. 1995 च्या जानेवारीत तिसरा आदेश निघाला, त्यात व्हेनेझुएलाचे नाव होते. प्रत्यक्षात सुमारे 6,500 टन शस्त्रे आणि दारूगोळा क्रोएशिया आणि इक्वेडोरमध्ये उतरला.

खरी नावे लिहिणे शक्यच नव्हते. सप्टेंबर 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियातल्या सर्व पक्षांना शस्त्रे देण्यावर बंदी घातली होती. पुढे त्याच क्रोएशियात अर्जेंटिनाचे सैनिक शांतिसेनेत पहारा देत होते. इक्वेडोरचे प्रकरण तर त्याहून लाजिरवाणे. 1995 च्या सुरुवातीला इक्वेडोर आणि पेरू सीमेवर लढत होते आणि या दोघांमधल्या 1942 च्या कराराला हमी देणाऱ्या चार देशांपैकी एक अर्जेंटिना होता. शिवाय 1982 च्या फॉकलंड युद्धात पेरूने अर्जेंटिनाला मिराज विमाने दिली होती. या उपकाराची फेड पेरूच्या शत्रूला रायफली आणि गोळ्या पुरवून झाली. 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्रिस्टिना किर्शनेर लिमाला गेल्या, तेव्हा त्यांनी पेरूची जाहीर माफी मागितली.

आता कागदाची करामत पाहू. शस्त्र विकताना ‘अंतिम वापरकर्त्याचा दाखला’ लागतो. माल आमच्याच सैन्यासाठी आहे आणि आम्ही तो दुसऱ्या कुणाला देणार नाही, असे घेणाऱ्या देशाने त्यात लिहून द्यायचे असते. 1989 च्या अखेरीस अमेरिकेने पनामावर चढाई केली आणि त्यानंतर तिथले सैन्यच बरखास्त झाले. ज्या देशाला सैन्य नाही, तो तोफा आणि तोफगोळे घेऊन काय करणार? हा प्रश्न बंदरावरच्या कारकुनालाही सुचला असता. पण आदेशाखाली राष्ट्राध्यक्षांबरोबर मंत्र्यांच्या सह्या होत्या आणि आदेश गुप्त असल्यामुळे तो ना संसदेपुढे आला, ना वर्तमानपत्रात. कस्टमने वरची सही पाहून माल सोडला. मधल्या शस्त्रदलालाचा व्यवहार उरुग्वेत नोंदलेल्या कंपनीमार्फत चालला. जिथे बाजारभाव कुणी विचारू शकत नाही, तिथे दलाली किती घेतली हेही कुणी विचारत नाही. भ्रष्टाचाराला लागणारी सगळी जागा गुप्ततेने अशी आयतीच करून दिली.

तरीही एक गोष्ट कागदाने झाकता येत नव्हती, ती म्हणजे कोठारातली तूट. विकायला नेलेल्या मालात अर्जेंटिनाच्या स्वतःच्या सैन्याच्या तोफाही होत्या. नोंदवहीत जे होते ते जागेवर नव्हते. मार्च 1995 मध्ये ‘क्लारिन’ दैनिकाचे पत्रकार दानिएल सांतोरो यांनी इक्वेडोरचा व्यवहार उघडकीस आणला. वकील रिकार्दो मोनेर सान्स यांनी कोर्टात फिर्याद दिली. चौकशी पुढे सरकली की कधी ना कधी कोठारातला साठा मोजला जाणार, हे उघड होते.

3 नोव्हेंबर 1995, शुक्रवार. कोर्दोबा प्रांतातल्या रिओ तेर्सेरो या गावात सकाळचे नऊ वाजत आले होते, मुले शाळेत पोहोचली होती. ‘फाब्रिकासिओनेस मिलितारेस’च्या तिथल्या दारूगोळा कारखान्यात आग लागली आणि पाठोपाठ कोठारे उडाली. तोफगोळे आणि त्यांचे तुकडे घरांच्या छपरांवर, अंगणांत, रस्त्यांवर येऊन पडले. लोक मुलांना शोधत शाळांकडे धावले आणि मिळेल त्या वाहनाने गावाबाहेर पडले. सात माणसे मेली, तीनशेहून अधिक जखमी झाली. तीन आठवड्यांनी त्याच कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. पहिल्या स्फोटाच्या दिवशीच मेनेम गावात आले आणि हा अपघातच आहे, घातपात नाही, हे लोकांना सांगा, असे त्यांनी पत्रकारांना बजावले. तपासाला अजून सुरुवातही झाली नव्हती.

गावाने ते मान्य केले नाही. स्फोटात पती गमावलेल्या आना ग्रित्ती यांनी वर्षानुवर्षे कोर्टात झुंज दिली. 2011 मध्ये त्या वारल्या, निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही. डिसेंबर 2014 मध्ये कोर्दोबाच्या कोर्टाने स्फोट मुद्दाम घडवला गेला असा निर्णय देऊन संस्थेच्या आणि कारखान्याच्या चार माजी लष्करी अधिकाऱ्यांना दहा ते तेरा वर्षांची शिक्षा सुनावली. परदेशी गेलेल्या शस्त्रांची तूट झाकण्यासाठी ही आग लावली गेली होती.

मेनेम यांचे काय झाले? 2001 मध्ये त्यांना अटक झाली, काही महिने ते नजरकैदेत राहिले. 2011 मध्ये ते निर्दोष सुटले, 2013 मध्ये शस्त्रतस्करीबद्दल दोषी ठरून सात वर्षांची शिक्षा झाली, पण सिनेटर असल्याने तुरुंगात जावे लागले नाही. 2018 मध्ये खटला वाजवीपेक्षा फार लांबला, या कारणावरून कोर्टाने त्यांना मोकळे केले. स्फोटाबद्दलचा त्यांच्यावरचा खटला 24 फेब्रुवारी 2021 ला सुरू होणार होता. 14 तारखेला त्यांचे निधन झाले.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : माल दिसतो, पण ज्यांना दिसतो त्यांना विचारण्याचा अधिकार नसतो आणि ज्यांना अधिकार असतो त्यांच्यापासून तो लपवलेला असतो. उपाय या दोन्ही बाजूंनी करावे लागतात. माल ठरल्या देशात खरोखर पोहोचला का, याची विकणाऱ्याने तिथे जाऊन खात्री केली पाहिजे. संरक्षण व्यवहारात काही गोष्टी गुप्त राहणारच, पण त्या संसदेच्या निवडक सदस्यांपासून तरी गुप्त नसाव्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कोठाराची मोजणी कारखान्याच्या वरिष्ठांच्या हाताखाली नसलेल्या माणसांनी, न सांगता येऊन करावी. नोंदवहीतला आकडा आणि रॅकवरचा माल जुळत नाही, हे आधी कोठारावरच्या माणसालाच कळते. त्याने ते लिहून कळवले तर त्याची नोकरी शाबूत राहील, अशी व्यवस्था हवी.

भारतातही शस्त्रनिर्यातीला परवाना आणि अंतिम वापरकर्त्याचा दाखला लागतो. वरणगाव, खडकी, भंडारा, भद्रावती इथल्या कारखान्यांच्या कुंपणालगत हजारो कुटुंबे राहतात. त्या दाखल्यावरचे देशाचे नाव खरे आहे का, हे नीट पाहिले जाते की नाही, याच्याशी या घरांच्या सुरक्षिततेचाही संबंध आहे. रिओ तेर्सेरोच्या लोकांनी शस्त्रांच्या सौद्यात एक पैसाही घेतला नव्हता. सौद्याचा हिशेब चुकता झाला तो मात्र त्यांच्या घरांवर.