उतारवयातला थकवा आणि ‘ताकदीचे’ इंजेक्शन

साठी ओलांडलेले गृहस्थ दवाखान्यात येतात, रक्तदाब तपासून घेतात आणि जाता जाता दाराशी थांबून हळूच विचारतात, “डॉक्टर, ते ताकदीचे इंजेक्शन घेतले तर चालेल का?” प्रश्न लाजण्यासारखा मुळीच नाही. पण दाराशी उभ्याउभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून आज त्यावरच लिहितो.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या वृषणात तयार होणारे संप्रेरक. कामेच्छा, स्नायू, हाडे, रक्तातील तांबड्या पेशी या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. चाळिशीनंतर ते दरवर्षी साधारण एक टक्क्याने उतरते. स्त्रियांची पाळी जाते तसा हा एकदम होणारा बदल नव्हे. अनेकांना सत्तरीतही ते पुरेसे असते.

तपासणीची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असते, दुपारपर्यंत उतरते आणि जेवणानंतरही घटते. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावे, आणि प्रमाण कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. ताप किंवा मोठे आजारपण असताना तर तपासूच नये. माझ्याकडे एक निवृत्त कंडक्टर २४० चा रिपोर्ट घेऊन आले. रक्त जेवून दुपारी चार वाजता दिलेले! सकाळी दोनदा तपासले, तर दोन्ही वेळा साडेतीनशेच्या वर. (साधारणपणे ३०० च्या खाली कमी मानतात.) त्यांची साखर मात्र भलतीच वाढलेली होती. थकवा तिचा होता.

सुटलेले पोट, मधुमेह, घोरताना श्वास अडकणे, दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनीही टेस्टोस्टेरॉन घटते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा हेच स्टेरॉइड असते. वजन उतरवले की अनेकांचे प्रमाण आपोआप वर येते. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ असते. सोबत डोकेदुखी असेल किंवा बाजूचे दिसेनासे झाले असेल, तर चालढकल करू नका.

खरी कमतरता असेल, कामेच्छा गेली असेल, पहाटेची ताठरता थांबली असेल, तर उपचार जरूर आहे. जेल किंवा इंजेक्शन देतात. पण अपेक्षा बेताची ठेवा. अमेरिकेत ६५ वर्षांवरील, प्रमाण खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर जेल किंवा खोटे औषध देऊन पाहिले. २०१६ साली निष्कर्ष आले: कामजीवन थोडे सुधारले, अंगातली मरगळ मात्र फारशी हटली नाही. आणि लोक इंजेक्शन मागतात ते नेमके मरगळीसाठी!

२०२३ साली हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाचे झटके व पक्षाघात वाढले नाहीत, ही दिलाशाची गोष्ट. परंतु हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणे, हे काहीसे जास्त आढळले. हाडे मोडण्याचे प्रमाणही घटण्याऐवजी वाढलेले दिसले.

प्रोस्टेटचा कर्करोग असणाऱ्यांनी, किंवा गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेलेल्यांनी हे औषध मागू नये. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनीही नाही, कारण बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की शुक्रजंतू तयार होणे मंदावते, कधी थांबतेही. उत्तेजनासाठीची गोळी हे अगदी वेगळे औषध आहे. दोहोंची गल्लत करू नका.

औषध सुरू करण्यापूर्वी पीएसए आणि हिमॅटोक्रिट या रक्ताच्या तपासण्या करतात, नंतर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. हिमॅटोक्रिट ५४ च्या वर गेले, म्हणजे रक्त फार दाट झाले, की औषध थांबवावे लागते. कोणाच्या सांगण्यावरून आपण इंजेक्शने आधीच घेत असाल, तर ती रिकामी कुपी घेऊन या. काय घेतले ते त्यावरून कळेल आणि हिमॅटोक्रिट त्याच दिवशी तपासता येईल.