दूधसागर : दंतकथा, लोहमार्ग आणि पाणी

गोव्याची ओळख सामान्यतः समुद्रकिनाऱ्यावरून करून दिली जाते. परंतु हा किनारा ज्या गोड्या पाण्यावर जगतो ते सह्याद्रीच्या माथ्यावरून येते, आणि त्याचे सर्वांत भव्य दर्शन दूधसागर येथे घडते. धारबांदोडा तालुक्यात, गोवा व कर्नाटक यांच्या सीमेलगत, सुमारे ३१० मीटर उंचीच्या कड्यावरून हा प्रपात चार टप्प्यांत खाली उतरतो. पणजीपासून हे स्थळ सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. श्रावणात समोरचा कातळ दिसत नाही इतके पाणी येते. चैत्र-वैशाखात मात्र कड्यावर दोन-चार बारीक धारा तेवढ्या उरतात.

निवळ पाणी येथे दुधासारखे का दिसते, असा प्रश्न सहलीला आलेली मुले शिक्षकांना हमखास विचारतात. खडबडीत कातळावर आपटून पाण्याचे असंख्य तुषार होतात, त्यात हवा मिसळते, आणि हे तुषार व बुडबुडे प्रकाशातील सर्व रंग सारखेच विखुरतात. त्यामुळे धार शुभ्र दिसते. हा कातळही लक्ष देण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक धबधबे ज्या काळ्या पाषाणावरून कोसळतात त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे मानतात. भूगर्भशास्त्रज्ञ ज्यास ‘दूधसागर ग्रॅनाइट’ म्हणतात, तो येथील खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

लोकांनी दिलेले उत्तर अर्थातच निराळे आहे. घाटमाथ्यावरील एका राजवाड्यात एक राजकन्या राहत असे. अरण्यातील तळ्यावर ती रोज सख्यांसह स्नानास जाई, आणि स्नान आटोपल्यावर सोन्याच्या कलशातील साखर घातलेले दूध पिई. एके दिवशी ती पाण्यात असताना झाडीआडून एक राजपुत्र तिला न्याहाळीत असल्याचे ध्यानी आले. वस्त्रे काठावर होती. सख्यांनी प्रसंगावधान राखून कलशातील दूध तिच्यासमोर ओतले. त्या दुधाचा पडदा झाला आणि त्याआड तिने वस्त्रे परिधान केली. तेच दूध अद्याप कड्यावरून वाहत आहे, असे सांगतात.

या कथेत राजकन्येचे नाव नाही, राज्याचे नाही, की कालाचाही उल्लेख नाही. म्हणून तिच्यात इतिहास शोधू नये. परंतु घाटाखालील माणसाला वरून येणारे पाणी दुधाइतके मोलाचे वाटले, एवढे सत्य तिच्यातून निश्चित निघते, असे आम्हांस वाटते.

इतिहास हवा असल्यास तो फार दूर नाही. याच अरण्यात, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ल येथे कदंबकालीन महादेव मंदिर उभे आहे. गोव्यातील घरे व देवळे बहुधा जांभ्या दगडाची. हे मंदिर मात्र काळ्या पाषाणातील आहे.

मिठाच्या बदल्यात आलेला लोहमार्ग

धबधब्याच्या मध्यावरून जाणारा रेल्वेचा पूल आज छायाचित्रांमुळे सर्वपरिचित झाला आहे. तो तेथे कसा आला हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. मुरगाव बंदर दख्खनच्या पठाराशी जोडण्याच्या हेतूने २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. लोहमार्ग बांधणाऱ्या ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ कंपनीला भांडवलावरील व्याजाची जी हमी दिली होती, तिला या रकमेचा आधार होता. अर्थात, घाटात रूळ पडले ते किनाऱ्यावरील मिठागरांच्या जिवावर. तह १८९२ च्या जानेवारीत संपला, पण मधल्या वर्षांत मिठावर पोट असणाऱ्या कुटुंबांचे हाल झाले. दूधसागरच्या वर्णनांत हा भाग सहसा येत नाही. तो यावयास हवा.

मुरगाव ते सावर्डे हा टप्पा १८८७ मध्ये सुरू झाला आणि १८८८ मध्ये मार्ग कॅसलरॉकपर्यंत पोहोचला. पोर्तुगीज राजघराण्याच्या नावावरून या चढणीस ब्रागांझा घाट म्हणतात. ३७ मीटरला १ मीटर असा हा चढ असल्याने गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. मीटर गेजचे रूळ जाऊन १९९० च्या दशकात ब्रॉड गेज आले.

मुक्तिलढ्यातही या मार्गाचे नाव आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या कॅसलरॉकच्या बाजूनेही गोव्यात शिरल्या व पोर्तुगीजांच्या गोळीबारास सामोऱ्या गेल्या. त्याच वर्षी सीमेपलीकडील रेल्वे वाहतूक बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हावयास १९६१ च्या डिसेंबरातील गोवामुक्तीची वाट पाहावी लागली.

प्रपातापासून नळापर्यंत

कड्याखाली आलेले पाणी दूधसागर नदी या नावाने कुळे गावावरून वाहते, पुढे खांडेपार हे नाव धारण करते आणि मांडवीस मिळून पणजीजवळ समुद्रात जाते. वाटेत ओपा येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. फोंडा आणि पणजीसह तिसवाडी तालुक्याचा मोठा भाग ओपाचे पाणी पितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केरये-खांडेपार येथे मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा ऐन पावसाळ्यात पणजीकरांना कित्येक दिवस टँकरची वाट पाहावी लागली. बाहेर धो-धो पाऊस आणि घरात कोरडा नळ, अशी ती अवस्था होती.

जलवाहिनी दुरुस्त करता येते. नदीला उन्हाळ्यात पाणी पुरविणारे अरण्य दुरुस्त करणे तितके सोपे नाही. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांशी व पालापाचोळ्यात मुरते आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे हळूहळू पाझरते. कडा बोडका झाला तर तेच पाणी चार महिन्यांत समुद्रात जाईल. दूधसागरभोवतीचे हे अरण्य भगवान महावीर अभयारण्य म्हणून संरक्षित असून त्यातील १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला.

या अरण्यातून लोहमार्गाचे दुपदरीकरण करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गोव्यात मोठा विरोध झाला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. सविस्तर अभ्यासानंतर प्रस्तावाचा नव्याने विचार करण्यास मात्र मुभा ठेवली. बंदर, कोळसा आणि वाहतूक यांची बाजू अशा वेळी आकड्यांत मांडली जाते. झऱ्यांची बाजू मांडावयाची तर ओपाच्या पाण्याचा हिशेबही त्याच कागदावर असला पाहिजे, आणि तो मागण्याचा अधिकार नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेला आहे.

पर्यटनाचा भारही लहान नाही. पावसाळा ओसरल्यावर कुळे येथून जीपगाड्या ओढे ओलांडून प्रपाताच्या पायथ्याकडे जातात, आणि यावर गावातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. खरी गर्दी मात्र जुलैत होते, कारण प्रपात तेव्हाच भरात असतो. रुळांवरून चालत जाणाऱ्यांविरुद्ध रेल्वेने कारवाई सुरू केली आहे. २०२३ च्या जुलैत नेत्रावळी येथे मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी केली होती. शाळांनी सहल नेताना पावसाळ्यात धावत्या गाडीच्या खिडकीतूनच हे दृश्य दाखवावे. उतरून पाहावयाचे असेल तर ऑक्टोबरनंतर कुळेमार्गे जावे. परतीच्या वाटेवर खांडेपारची जांभ्यात कोरलेली प्राचीन लेणी आणि ओपाचे केंद्र, दोन्ही लागतात. केंद्र पाहण्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावी.