हातातले कसब वहीत उतरवा

कारखाना लहान असो वा मोठा, त्यात दोन प्रकारचे ज्ञान असते. एक कागदावरचे, म्हणजे मापे, दर, नकाशे. दुसरे कारागिराच्या हातातले. पहिले कपाटात राहते. दुसरे कारागीर काम सोडून गेला की त्याच्याबरोबरच जाते. हे दुसरे ज्ञान मोठ्या कंपन्या कसे शोधतात व सर्वांपर्यंत कसे पोचवितात, ते आज आपण पाहू.

जपानमधील मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, ही कंपनी १९८५ साली घरगुती पाव बनविण्याचे यंत्र तयार करीत होती. पण पाव वरून करपे आणि आतून कच्चा राही. यंत्राने मळलेले पीठ व पाववाल्याने मळलेले पीठ यांचे एक्स-रे काढून पाहिले, तरी दोष सापडेना. तेव्हा कंपनीतील इकुको तानाका या बाईंनी ओसाकातील एका नामांकित हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शागिर्दी केली. मळताना तो पीठ एका विशिष्ट तऱ्हेने ताणतो, हे त्यांनी हेरले. नंतर अभियंत्यांबरोबर वर्षभर खटपट करून यंत्राच्या आत खास कंगोरे बसविले. यंत्र चालले आणि पहिल्याच वर्षी त्याचा विक्रमी खप झाला.

दुसरे उदाहरण झेरॉक्स कंपनीचे. कंपनीच्या छापील पुस्तकात नसलेले बिघाड मेकॅनिक लोक चहा-जेवणाच्या वेळी एकमेकांना सांगत व त्यातूनच शिकत. कंपनीने १९९० च्या दशकात हीच रीत पक्की केली. मेकॅनिकने आपली युक्ती लिहून द्यायची, जाणकाराने ती तपासायची, मग ती सांगणाऱ्याच्या नावानिशी सर्वांना मिळायची.

आपल्या गाळ्यात, बेकरीत, गॅरेजमध्ये हे सहज करता येईल. उस्तादाजवळ एक होतकरू मुलगा बसवा. दर आठवड्याला एक युक्ती वहीत लिहा व पुढे उस्तादाचे नाव घाला.

मात्र एक अडचण आहे. सर्व सांगून टाकले तर उद्या आपली गरज उरणार नाही, अशी धास्ती कारागिराला असते. ती दूर करणे मालकाचे काम आहे. शिकविणाऱ्याचे काम जाणार नाही, उलट मान व मजुरी वाढेल, हे मालकाने बोलून नव्हे, वागून दाखवावे. ज्याने शिकविले त्यालाच काढले, तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

माणसाच्या मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते, त्या तीन गोष्टींत लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आहे, असे हदीसमध्ये आले आहे. कसब ही अमानत आहे. ती पुढच्या हाती सोपवू या.