बिस्किटांचें पुडकें आणि आपलें पथ्य

अमेरिकेंत गर्ल स्काउट मुली बिस्किटांचीं पुडकीं विकावयास निघाल्या, कीं मिताहाराचें व्रत घेतलेल्या माणसाची परीक्षा सुरू होते. ही विक्री बहुधा जानेवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत चालते. म्हणजे नववर्षाचा संकल्प ताजा असतांनाच मोह दाराशीं उभा राहतो.

ह्या प्रथेचें मूळ १९१७ सालीं ओक्लाहोमा राज्यांतील मस्कोगी गांवीं सांपडतें. तेथील मुलींनीं बिस्किटें भाजून शाळेच्या उपाहारगृहांत विकलीं व सेवाकार्यास द्रव्य जमविलें. पुढें महायुद्धामुळें साखर, पीठ व लोणी दुर्मिळ झालें, तेव्हां १९४४ सालीं त्यांनीं दिनदर्शिका विकल्या. ह्यावरून विक्रीचें सार बिस्किटांत नसून मुलींच्या उद्योगांत आहे, हें उघड होतें.

मग पथ्य पाळणाऱ्यानें काय करावें? मुलीस विन्मुख धाडणें जिवावर येतें. पुडकें घ्यावें, तर संकल्प ढळतो. 'थिन मिंट' नांवाच्या चार बिस्किटांत सुमारें १६० कॅलरी असतात. पुडकें जवळ घेऊन बसलों, तर बारा केव्हां संपलीं हें आम्हांस कळत नाहीं, आणि हिशेब ४८० वर जातो!

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आम्ही असें सुचवितों: पुडकें अवश्य घ्यावें, दोन बिस्किटें बशींत काढून बाकीचीं फडताळांत ठेवावीं, आणि तीं दोन सावकाश, चवीनें खावीं. घरच्यांस व शेजाऱ्यांस वाटा द्यावा. ज्यास एवढाही धीर नसेल, त्यानें पुडकें न घेतां नुसते पैसे द्यावे. अशा रीतीनें मुलींचें कार्य चालतें व आपलें पथ्यही टिकतें.