घड्याळ म्हणतं, तू झोपलीच नाहीस!

पहाटे पाचला तुझा मेसेज बघितला. 'ताई, घड्याळात ऑक्सिजन ८६ दाखवला, आता परत ९७. मला काही झालं असेल का?' अगं, आधी चहा टाक आणि मग मी काय सांगते ते ऐक.

तू झोपतेस कशी, ते मला ठाऊक आहे. पिल्लू डाव्या दंडावर डोकं ठेवून झोपलेलं आणि तुझा हात त्याच्याखाली मुंग्या येईपर्यंत दाबलेला. घड्याळही त्याच हातात! हात दबला की तिथलं रक्त कमी फिरतं आणि घड्याळाचं गणित चुकतं. पट्टा सैल असला, पंख्याखाली हात गार पडला किंवा बांगड्या मध्ये आल्या तरी तेच होतं. घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो नाडी मोजायचा. ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतात. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या फरकावरून आकडा काढतात. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७०च्या दशकात या मोजणीची पद्धत शोधली. करोनाच्या पहिल्याच वर्षी, २०२०च्या एप्रिलमध्ये ते गेले आणि त्याच साथीत आपल्याकडे औषधांच्या डब्यात थर्मामीटरशेजारी ऑक्सिमीटर येऊन बसला. तो बोटाचा चिमटा अजून आहे ना तुझ्याकडे? सेल बदल त्याचे. चिमट्यात प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटाच्या हाडातून तो जाणार कसा? म्हणून घड्याळ आत जाऊन परत येणाऱ्या थोडक्या प्रकाशावर भागवतं. त्यामुळे आकड्याबद्दल शंका आली की ती बोटावर तपासायची.

तर पुन्हा असा आकडा दिसला की काय करायचं बघ. उठून बस, हात चोळून गरम कर, घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर घट्ट बांध, हात स्थिर ठेव आणि परत मोज. मग चिमटा लाव. नखांना नेलपॉलिश असेल तर एका बोटाचं पुसून टाक. ९५ किंवा वर आलं आणि तुला बरं वाटतंय तर झोपून जा. चिमटाही पुन्हा पुन्हा ९४च्या खाली दाखवत असेल तर मात्र डॉक्टर गाठ. आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेव. धाप लागतेय, छातीत दुखतंय, ओठ निळसर दिसतायत असं असेल, तर आकडा ९८ असला तरी घड्याळाकडे बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. गडद कातडीवर ही यंत्रं कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, हे अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या अभ्यासातून २०२०मध्ये ठळकपणे पुढे आलं. आपण सावळ्या बायकांनी ते ध्यानात ठेवलेलं बरं.

आता झोपेचं. सकाळी उठल्या उठल्या तू ॲप उघडतेस, 'गाढ झोप ३८ मिनिटं' वाचतेस आणि दिवसभर मरगळल्यासारखी वागतेस. खरं सांगू का, त्या ३८ मिनिटांचं फारसं मनावर घेऊ नकोस. झोप गाढ की हलकी, हे मेंदूच्या लहरींवरून ठरतं. झोपेच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला वायरी चिकटवतात, त्या उगाच नाही. घड्याळाला फक्त तुझी हालचाल आणि नाडी कळते, बाकी सगळा अंदाज. पोर उठू नये म्हणून तू तासभर काठीसारखी निश्चल पडून राहतेस ना, पायावर पाय न घासता? ती वेळ घड्याळ बिनदिक्कत झोपेत धरतं. किती वाजता आडवी झालीस, साधारण किती तास मिळाले, एवढं मात्र ते बऱ्यापैकी सांगतं. तेवढंच घे त्याच्याकडून.

आकड्यांच्या काळजीनेच झोप उडणारी माणसं इतकी वाढली, की २०१७मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या प्रकाराला ऑर्थोसोम्निया असं नावच देऊन टाकलं. तू त्या रांगेत उभी राहू नकोस. झोपेच्या गुणांची सूचना आज बंद कर. रविवारी दुपारी, मुलं झोपली की, आठवड्याचा आलेख एकदा बघायचा. रात्रभर ऑक्सिजन मोजायचं बटणही बंद ठेवलंस तरी चालेल. माझ्या घड्याळाने एकदा रात्रभर ऑक्सिजन मोजून सकाळी मान टाकली, अलार्म वाजला नाही आणि पोरांची स्कूलबस डोळ्यांदेखत निघून गेली!

हो, एक अपवाद आहे. बऱ्याच रात्री ऑक्सिजनच्या आलेखात करवतीच्या दात्यांसारखे खड्डे दिसत असतील, शिवाय घोरणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्याजागी डुलकी, असं असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. झोपेत श्वास अडकतो, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. बायकांमध्ये तो मोठ्याने घोरण्याऐवजी नुसता थकवा किंवा रात्री सारखी जाग येणं, अशा रूपातही येतो, म्हणून निसटतो. आणि तुझे अहो घोरताना मध्येच गप्प होतात आणि मग दचकून श्वास घेतात, असं तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. ते हसण्यावारी नेऊ नकोस गं. घड्याळ आठवडाभर त्यांच्या हातात बांध, पण आलेख कितीही छान आला तरी त्यांना डॉक्टरांकडे ने.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुझा ऑक्सिजन बहुतेक वेळा ९७-९८ असतो आणि तरी जिना चढून आलीस की ओट्याला टेकून उभी राहतेस. घड्याळ म्हणतं सगळं ठीक. बघ, लोकलचे डबे माणसांनी भरलेत की नाही एवढंच ते सांगतं. बारा डब्यांच्या गाडीला नऊच डबे जोडलेत, हे त्याला कळत नाही. ते डबे म्हणजे तुझं हिमोग्लोबिन. ते कमी असलं तरी टक्केवारी झकास येते. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणी ॲनिमिक आहेत, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे हा. बाळंतपणानंतर तू गोळ्या किती दिवस घेतल्यास, ते मी विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे. आणि जेवल्याबरोबर कपभर चहा लागतो ना तुला? त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराने पी.

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जा, सीबीसी आणि फेरिटिन करून घे, डॉक्टर म्हणाले तर थायरॉईडही. पोराला माझ्याकडे सोड, डबा मी देते. आणि रिपोर्ट आला की गुगलवर शोधत बसू नकोस, आधी डॉक्टरांना दाखव आणि मग मला फोन कर.