जुनी होडी व नादुरुस्त एंजिन : विकत घ्यावी कीं न घ्यावी ?

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्यांच्या खाड्यांकांठीं ज्यांची शेती आहे, त्यांपैकीं कित्येकांची जमीन पैलतीरीं असते. भाताचे भारे, पेंढा, खत, आंब्याच्या पेट्या व मजूर हीं सर्व त्यांस पाण्यावरून न्यावीं-आणावीं लागतात. अशा शेतकऱ्यास कोणी जुनी होडी स्वस्तांत देऊं केली आणि "एंजिनाचें थोडेंसें काम आहे, बाकी होडी उत्तम" असें सांगितलें, म्हणजे मोह पडणें साहजिक आहे. असा सौदा कसा पारखावा, याचा विचार येथें केला आहे.

मुख्य तत्त्व

एंजिन बदलतां येतें. होडीचा सांगाडा बदलतां येत नाहीं. म्हणून विकणारा ज्या एंजिनाविषयीं बोलतो तें क्षणभर बाजूस ठेवावें व त्याची किंमत मोडीच्या लोखंडाइतकीच धरावी. एवढें धरूनही सौदा परवडत असेल तरच पुढें जावें. सांगाडा कुजका असेल, तर नवें एंजिनही त्या होडीस तारणार नाहीं; उलट त्याच्या हादऱ्यांनीं तिचे सांधे लवकर सुटतील.

सांगाड्याची परीक्षा

पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. परीक्षेस हाच काळ उत्तम, कारण पाण्यांत असलेल्या होडीचा तळ दिसत नाहीं. लांकडी होडीच्या फळ्यांवर लहान हातोडीनें ठोकत जावें. निकोप लांकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द येतो. जेथें संशय येईल तेथें अरीनें टोंचून पाहावें. तळाचा कणा, फळ्या व वाक यांचे जोड आणि एंजिनाची बैठक या जागा विशेष तपासाव्या. बैठकीखालीं तेल व पाणी सांचून लांकूड आंतून मऊ होतें. खाऱ्या पाण्यांतील किडा बाहेरून टांचणीएवढें भोंक पाडतो, परंतु आंत फळी पोखरून टाकतो. अशीं भोंकें पुष्कळ दिसल्यास होडी सोडून द्यावी. खिळ्यांभोंवतीं काळे डाग असल्यास लोखंड गंजून लांकूड खाल्लें जात आहे असें समजावें. फळ्यांमधील फटी मात्र वाळल्यामुळेंही पडतात. तेवढ्यावरून होडी वाईट ठरवूं नये.

फायबरच्या होडीस किडा लागत नाहीं. परंतु तिच्या पाठीमागील ज्या फळीवर मोटर टांगतात ती आंतून कुजली आहे कीं काय, हें ठोकून व मोटर वरखालीं हलवून पाहावें.

एंजिनाची परीक्षा

एंजिन थंड असतांनाच आपल्यासमोर सुरू करण्यास सांगावें. आधींच तापवून ठेवलेल्या एंजिनाचे दोष झांकले जातात. तें सुरूच होत नसेल तर हातानें फिरवून पाहावें. फिरतें, परंतु दाब देत नाहीं, तर सिलिंडर, रिंगा किंवा झडपा झिजल्या आहेत. हा खर्च मोठा, पण अंदाजण्याजोगा. मुळींच फिरत नाहीं, तर खारें पाणी आंत शिरून तें गंजानें जाम झालेलें असूं शकतें. त्याचा अंदाज उघडल्यावांचून कोणीही देऊं शकत नाहीं. वंगणाचें तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे.

चालू एंजिनाचा धूर पाहावा. निळा धूर वंगण जळत असल्याचें दाखवितो. काळा धूर हवा कमी, डिझेल जास्त किंवा ओझें फाजील असल्याचें लक्षण आहे. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर दाब कमी आहे किंवा आंत पाणी जात आहे. सिलिंडर पूर्वीं किती वेळां बोअर केला तें कारागिरास मोजावयास लावावें. शेवटच्या मापापर्यंत गेलेला सिलिंडर पुन्हां वाढवितां येत नाहीं. त्या जातीचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात कीं नाहीं, हेंही आधींच विचारावें.

मोठ्या एंजिनाची भुरळ पडूं देऊं नये. पाण्यांत २५ फूट लांबी असणारी जड होडी तासाला सुमारें १२ किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाहीं. दुप्पट शक्तीनें डिझेल मात्र बरेंच जास्त जळतें. १० अश्वशक्तीचें चांगलें डिझेल एंजिन पूर्ण ओझ्यावर तासास सुमारें २ लिटर घेतें, हें माप ध्यानांत ठेवावें.

हिशेब

आंकडे उदाहरणादाखल घेऊं. होडी ९०,००० रुपये, एंजिनदुरुस्ती ६०,०००, सांगाड्याचें काम ३०,०००, एकूण १,८०,०००. सहा वर्षांनीं तिचे ६०,००० आले, तर दरसाल झीज २०,०००. रंग, तेल, दोर, किरकोळ दुरुस्ती व विमा मिळून ३०,००० धरले, तर वर्षाचा बांधील खर्च ५०,००० झाला. प्रत्येक फेरीस डिझेल व तांडेल मिळून ४०० रुपये लागतात आणि भाड्याची होडी १,२०० घेते असें मानूं. म्हणजे फेरीमागें ८०० वांचतात व वर्षाला ६३ फेऱ्या झाल्या तरच बरोबरी होते. ज्याच्या चाळीसच फेऱ्या होतात त्यानें भाड्यानेंच काम भागवावें, किंवा दोनतीन शेजाऱ्यांनीं लेखी करार करून भागीनें होडी घ्यावी.

कारागिराचा अंदाज दीडपट धरावा, कारण जुनें एंजिन उघडल्यावर नवें काम निघतेंच. कामाच्या मुदतीचाही विचार करावा. चैत्रांत आंबा तयार असतांना एंजिन कारखान्यांत पडून राहिलें, तर स्वस्त होडी फार महाग पडते.

कागदपत्र व जीवाची सुरक्षितता

२०२१ च्या आंतर्देशीय नौका कायद्यानें यंत्रानें चालणाऱ्या नौकांच्या नोंदणीचे नियम घातले आहेत. विकणाऱ्याचें नांव, होडीवरील कर्ज व नोंदणी यांची खात्री करावी. मासेमारीकरितां नोंदलेल्या होडींतून माल किंवा माणसें नेतां येतील कीं नाहीं, हें महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयांत विचारावें. इसाऱ्यापूर्वींच हें सर्व उरकावें.

ओहोटीच्या वेळीं खाडीच्या मुखाशीं एंजिन बंद पडलें, तर प्रवाह भरलेली होडी बाहेर ओढून नेतो. म्हणून वल्हीं, नांगर, पुरेसा दोर आणि प्रत्येक माणसामागें तरंगण्याचें जाकीट यांचा खर्च होडीच्या किंमतींतच धरावा. एवढी रक्कम ज्यास जड वाटते, त्यास ती होडीच परवडत नाहीं.

सारांश, सांगाडा उत्तम, एंजिनाचा दोष ठाऊक व भाग मिळण्याजोगे, फेऱ्या पुरेशा आणि कागद स्वच्छ, या चारही गोष्टी जुळल्या तर जुनी होडी अवश्य घ्यावी. सांगाड्याविषयीं संशय असेल, तर बाकीच्या तिन्ही जुळूनही घेऊं नये.