दवाखान्यात गेल्यावर सासूबाई बरळू का लागल्या?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणू लागल्या. मला ओळखेनात, सलाईनची नळी ओढायला लागल्या. सकाळी पुन्हा पूर्वीसारख्या, चहात साखर कमी म्हणून कुरकुर सुरू. रात्री परत तेच! सिस्टर म्हणाल्या, वय झालं की होतं असं. जाऊबाई म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. एका नातेवाईकांनी तर दृष्ट काढायला सांगितलं. हे नेमकं काय असतं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दृष्ट काढायची तर काढा, त्यानं बिघडत काही नाही. 'वय झालं की होतं' हे उत्तर मात्र मला मान्य नाही, कारण ते ऐकलं की पुढचा शोध थांबतो. ७९ वर्षं तर घरीही होती, तिथे मुंग्या दिसत नव्हत्या. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. ते वेडही नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. हे मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतं, दिवसभरात कमी-जास्त होतं आणि सहसा रात्री उफाळतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर तर सर्रास दिसतं. म्हाताऱ्या मेंदूला शरीरात दुसरीकडे कुठेतरी बिघडलेलं सोसत नाही, तेव्हा तो असा बोलतो.

म्हणून 'कुठे बिघडलंय' हे शोधायचं. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं ही नेहमीची कारणं. न सांगितलेलं दुखणंही त्यातच. आपल्याकडच्या बायका दुखतंय म्हणून सांगतच नाहीत, भुवया आक्रसतात तेवढंच. चार दिवस शौचाला न होणं किंवा लघवी तुंबणं एवढ्यानंही माणूस भ्रमात जातो, हे अनेकांना खरं वाटत नाही. मग औषधं. झोप येत नाही म्हणून दिलेली गोळी, खाजेसाठी दिलेली अविलसारखी गोळी यांनी भ्रम वाढतो. उलट घरी वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी दवाखान्यात एकदम बंद झाली तरी घोटाळा होतो. रोज दारू घेणाऱ्या आजोबांची दारू दाखल झाल्यामुळे तुटते, आणि दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरून भ्रम सुरू होतो. तो तर जिवावरही बेतू शकतो. तेव्हा लाज सोडून डॉक्टरांना सगळं सांगा, मिश्री-तंबाखूसुद्धा.

आता रात्रीचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. ट्यूबलाइट चालू, शेजारच्या खाटेचा मॉनिटर पिंपिं करतोय, दोन वाजता बीपी बघायला कोणी येतं. चष्मा ड्रॉवरमध्ये, कवळी डबीत, कानाचं यंत्र हरवेल म्हणून घरी. सासूबाईंना धड दिसत नाही, ऐकू येत नाही. भिंतीवरच्या पोपड्यांच्या मुंग्या व्हायला आणखी काय हवं?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनोये यांनी नेमकं हेच हेरलं. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांना त्यांनी कुठलंही नवं औषध दिलं नाही. चष्मा-श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं, उठवून चालवणं, आज वार कोणता ते सांगणं, रात्री गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठ चोळून देणं, एवढंच केलं. १९९९ साली आकडे छापून आले : नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या वॉर्डात ९.९ टक्के रुग्णांना. तिकडे या कामाला स्वयंसेवक शिकवून तयार करावे लागले. आपल्याकडे खाटेशेजारी डबा घेऊन बसलेली सून आधीच हजर असते, फक्त तिला कोणी सांगत नाही काय करायचं.

तर करायचं ते हे. चष्मा, यंत्र, कवळी आजच लावा. सर्जनची परवानगी असेल तर जेवताना खुर्चीत बसवा. नुसतं पडून राहिलं की मांड्यांचं बळ झपाट्यानं जातं. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा. गुंगीत असताना मात्र पेज भरवू नका, घास फुफ्फुसात जातो. मुंग्यांवरून वाद घालू नका. 'मला नाही दिसत, पण मी इथंच आहे' एवढं पुरे. भेटायला येणाऱ्यांची रांग कमी करा, रात्री ओळखीचा एकच चेहरा हवा. हात बांधायला निघाले तर आधी विचारा की आमच्यापैकी कोणी बसलं तर चालेल का? बांधल्यानं तगमग वाढते. राऊंडला डॉक्टर आले की दोन प्रश्न नक्की विचारा : लघवीची नळी अजून लागणार आहे का, आणि यातली कुठली औषधं कमी करता येतील?

आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे निदान लक्ष तरी जातं. मला जास्त काळजी वाटते ती 'काय शांत आहेत हो आजी' अशी वाहवा होणाऱ्यांची. दिवसभर डोळे मिटून, विचारलं तर हूं-हूं. हाही डिलिरियमच असू शकतो, आणि तो सहज निसटतो. शंका आली तर रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. एरवी म्हणू शकणारं माणूस शनिवार-शुक्रवारवर हरवलं, तर सिस्टरना 'कालपासून या वेगळ्या वागताहेत' असं स्पष्ट सांगा. कालच्या आणि आजच्या सासूबाईंतला फरक तुम्हालाच कळतो, ड्यूटी बदलून आलेल्या सिस्टरना तो कसा कळणार?

कारण सापडून उपचार झाले की बहुतेकांचं डोकं काही दिवसांत ताळ्यावर येतं, काहींना कित्येक आठवडेही लागतात. घरी नेताना दवाखान्यात सुरू झालेली झोपेची गोळी किती दिवस द्यायची ते विचारून घ्या, नाहीतर ती वर्षभर चालू राहते. काही जणांना त्या रात्री आठवतात आणि आपण शिवीगाळ केली म्हणून ते मनातून खजील असतात. तो आजाराचा भाग होता, हे त्यांना मोकळेपणानं सांगा. तीन महिन्यांनंतरही विसराळूपणा राहिला, तर मात्र स्मरणशक्तीची रीतसर तपासणी करून घ्या.